एका किलोचे अंतर आणि मज्जासंस्थेचा लगाम

बर्मिंगहॅम येथे 2022 मध्ये झालेल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सांगलीचा भारोत्तोलक संकेत सरगर याचे सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. 55 किलो वजनी गटात त्याने एकूण 248 किलो भार उचलला. मलेशियाच्या अनिक कसदानने 249. 139 किलोच्या प्रयत्नात संकेतचे कोपर दुखावले. त्यानंतरचा अखेरचा प्रयत्नही फसला.

खेळाडूचा असा प्रयत्न फसला की जिद्द कमी पडल्याची चर्चा होते. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. ताकद केवळ स्नायूच्या आकारावर नव्हे, तर मेंदू व मज्जारज्जूकडून त्याला मिळणाऱ्या संदेशांवरही अवलंबून असते आणि हे संदेश सहसा पूर्ण क्षमतेने जात नाहीत. इकाई व स्टाइनहाउस यांच्या 1961 मधील प्रयोगात पाठीमागे अचानक पिस्तुलाचा बार काढताच दंडाची ताकद वाढलेली आढळली. स्नायू तर तेच होते!

सरावाने हा लगाम सैल होतो. नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतील प्रगती बव्हंशी यामुळेच होते. याउलट, सांधा दुखावताच मज्जासंस्था भोवतालच्या स्नायूंचे संदेश आपोआप आखडते आणि कितीही निर्धार केला तरी ही कपात पूर्णपणे भरून निघत नाही.