आधी कोण पोहोचलं?

शालेय स्पर्धांचा हंगाम आला, की बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या मैदानांवर एक ओरड हमखास ऐकू येते: "सर, तो हलत होता!" बास्केटखाली दोन पोरं धडकलेली, एक सिमेंटवर आडवं, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या शिट्टीकडे. ब्लॉकिंग की चार्जिंग? पंच मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण हा निर्णय पडलेल्या मुलाकडे पाहून देतात. मीही कित्येक वर्षं तसाच दिला. त्यात काही मुलांवर अन्याय झाला, हे आज मला स्पष्ट दिसतं.

मुळात हलणं हा फाउल नाही. फिबाच्या नियम ३३ प्रमाणे बचाव करणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, की त्याची जागा कायदेशीर ठरते. मग तो बाजूला सरकू शकतो, मागे हटू शकतो, धडक सोसण्यासाठी अंगही वळवू शकतो. चेंडू नसलेल्या खेळाडूला थांबायला एक-दोन पावलांचं अंतर द्यावं लागतं. चेंडू हातात असणाऱ्याला ती सवलत नाही. बचाव करणारा आधी पोहोचला आणि धडक त्याच्या छातीवर बसली, तर चार्जिंग. त्याने खांदा, मांडी किंवा गुडघा आडवा घातला, तर ब्लॉकिंग. समोरच्याने उडी घेतल्यावर त्याच्या वाटेत शिरला, तरी ब्लॉकिंगच.

म्हणून नजर चेंडूवरून काढा. ड्रिबल करणारा कसाही दिसतोच. बचाव करणाऱ्याचे पाय धडकेआधी पाहिले नसतील, तर धडकेनंतर ते कुणीच सांगू शकत नाही. बेसलाइनवरच्या पंचाने दोघांमधली फट दिसेल असं उभं राहावं. आपला प्रेक्षक कबड्डी बघत वाढलेला आहे. तो पडणाऱ्यासाठी कळवळून ओरडणार, ओरडू द्या. ब्लॉकिंग दिलं तर झालेली बास्केट धरून वर एक फ्री थ्रो, चार्जिंग दिलं तर चेंडूच समोरच्या संघाकडे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात एवढ्यावर अमरावती विभागाची वाट उघडते किंवा बंद होते.

राहिलं बास्केटखालचं नो-चार्ज अर्धवर्तुळ. २०१० पासून ते नियमात आहे: हवेतला खेळाडू चेंडूसह शूट किंवा पास करत असताना बचाव करणाऱ्याचा एक पाय जरी त्या रेषेवर किंवा आत असला, तर त्या धडकेला चार्जिंग द्यायचं नाही, हल्ला करणाऱ्याने हाता-पायांचा गैरवापर केला असेल, तर गोष्ट वेगळी. पण शाळेच्या मैदानावर ते आखलेलंच नसेल, तर पंच ठरवणार कशावरून? सामन्याआधी पंधरा मिनिटं लवकर पोहोचा. रिंगच्या मधोमध ओळंबा सोडा, तो टेकेल तिथे सुतळीचं टोक धरा, सव्वा मीटरवर गाठ मारा आणि खडूने आखून घ्या. मग दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना बोलावून ती रेषा दाखवा.