गोंदियाच्या डोक्यावर शंभर किलोमीटर

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याचा दिवस होता. दिवेलागण होऊन गेल्यावर विदर्भाच्या आभाळातून तांबूस उजेडाची एक रांग सरकत गेली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात, धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. व्यास जवळपास तीन मीटर. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. एका चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले.

असे तुकडे पेटतात आणि फुटतात ते साधारण 80 ते 100 किलोमीटर उंचीवर. अंतराळ पर्यटनाचे तिकीट काढलेला माणूसही तेवढाच वर जातो. मग तो का पेटत नाही? याचे उत्तर कळले की या सहलीत काय मिळते आणि काय नाही, तेही कळते. लाडबोरीचे कडे पृथ्वीभोवती फिरत होते, म्हणजे ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगात होते. पर्यटकाची कुपी (कॅप्सूल) ताशी साडेतीन हजारांच्या आसपास पोचते. उंची अंतराळाची आहे, पण वेग कक्षेत राहण्यापुरता नाही. म्हणून ती पेटत नाही, सरळ वर जाते आणि सरळ खाली येते. 2025 च्या जूनमध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तो प्रवास कक्षेतला, वेगळ्या जातीचा. दोन्हींना अंतराळवारी म्हटले जाते, पण त्यांची गल्लत करू नये.

एका शाळेत या विषयावर बोलायला गेलो होतो. मागच्या बाकावरच्या मुलीने उठून विचारले, "सर, तेवढ्या वर गेल्यावर माणूस खाली नाही पडत का?" मुले हसली. मला मात्र वाटते, या विषयातला सगळ्यात नेमका प्रश्न तोच आहे. पडतो, बेटा. इंजिन बंद झाल्या क्षणापासून पडतच असतो. तिथे गुरुत्वाकर्षण संपलेले नसते. शंभर किलोमीटरवर ते जेमतेम तीन टक्क्यांनी कमी होते. पण कुपीही पडते आहे आणि आतला माणूसही त्याच वेगाने पडतो आहे, म्हणून त्याला खाली दाबणारे काहीच उरत नाही. तीन-चार मिनिटांचे ते तरंगणे म्हणजे दोघांनी मिळून पडणे आहे. हे फळ्यावर काढून दाखवले तेव्हा मुलीने "मग भीती नाही वाटत का?" असे विचारले. वाटत असणारच.

पर्यटकाचा प्रवास कसा होतो ते ब्लू ओरिजिन या अमेरिकी कंपनीच्या न्यू शेपर्ड यानावरून नीट समजते. ते टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्नजवळच्या माळरानावरून उडते. सहा प्रवासी, वैमानिक एकही नाही, सगळे यंत्राच्या हाती. अठरा वर्षे पूर्ण हवीत, वजन साधारण 50 ते 101 किलोच्या दरम्यान हवे आणि उड्डाणाच्या मनोऱ्याचे सात मजले दीड मिनिटात चढता आले पाहिजेत. दोन दिवसांचे प्रशिक्षण. उड्डाण दहा-अकरा मिनिटांचे. चढताना आपले वजन तिप्पट होते. उतरताना हवेचा अडसर लागला की काही सेकंद साडेपाच पटींपर्यंत जाते. साठ किलोच्या माणसाच्या अंगावर चाळीस किलोचे जवळपास सात धानाचे कट्टे ठेवल्यासारखे. शेवटी तीन मोठ्या छत्र्या उघडतात आणि कुपी धुरळा उडवत टेकते.

धोक्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. 19 मे 2024 रोजी याच यानातून गोपीचंद थोटाकुरा गेले. मूळचे विजयवाड्याचे, पेशाने वैमानिक. पहिले भारतीय अंतराळ पर्यटक. त्यांच्या परतीच्या वेळी तीनपैकी एक छत्री पूर्ण उघडलीच नाही. कुपी दोन छत्र्यांवरही सुखरूप उतरेल अशी बांधलेली असते, आणि ती उतरली. पण 2014 साली व्हर्जिन गॅलॅक्टिक या दुसऱ्या कंपनीचे यान चाचणीत हवेतच मोडले आणि सहवैमानिक मायकेल अल्सबरी मृत्युमुखी पडले. अमेरिकेचे सरकार या यानांना विमानासारखे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देत नाही. धोका समजून-उमजून पत्करतो आहे, अशी सही प्रवाशाला करावी लागते. ही सही कंटाळवाणी औपचारिकता समजून कुणी करू नये.

आणि सध्या तर तिकीटखिडकीच बंद आहे. भारतीय वंशाच्या शिरीषा बांदला 2021 मध्ये ज्यातून गेल्या ते व्हर्जिनचे युनिटी यान 2024 च्या जूनमध्ये निवृत्त झाले. ब्लू ओरिजिननेही जानेवारी 2026 मध्ये न्यू शेपर्डची उड्डाणे किमान दोन वर्षे थांबवत असल्याचे जाहीर केले. व्हर्जिनचे तिकीट सहा लाख डॉलरपर्यंत चढले होते. एवढा पैसा तीन मिनिटांसाठी? मला तो व्यर्थ वाटत नाही. माणसाने त्या मिनिटांत कोलांट्या मारायच्या की बाहेर बघायचे, यावर ते ठरते.

बघण्यासारखे काय असते, हे आपल्याच गोंदिया जिल्ह्यावरून मांडून पाहू. बिरसीच्या धावपट्टीवर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या त्या विमानतळावर, आज नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटची मुले विमान चालवायला शिकतात. त्या धावपट्टीच्या बरोबर वर शंभर किलोमीटरवर गेलो, तर क्षितिज अकराशे किलोमीटरवर सरकते. मुंबई त्याच्या आत येते, विशाखापट्टणमही. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर. उघड्या डोळ्यांना तिथून तीसेक मीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नाही. त्यामुळे धानाच्या बांध्या एकमेकींत मिसळून हिरवे पसरेल. पण नवेगावबांधचा तलाव दिसेल, इटियाडोहचे धरण दिसेल, आणि सूर्य नेमक्या कोनात असला तर मामा (माजी मालगुजारी) तलाव एकामागून एक चमकून जातील. वर आभाळ भर दुपारी काळे. ज्या हवेत आपण श्वास घेतो तिची निळी पट्टी क्षितिजावर किती पातळ आहे, तेही दिसेल.

विल्यम शॅटनर हे अभिनेते नव्वदाव्या वर्षी तेवढ्या उंचीवर जाऊन आले. त्या काळोखाने त्यांना आनंद नाही, तर पृथ्वीसाठी खोल दुःख झाले, असे त्यांनी पुढे लिहिले. मला हे फार मोलाचे वाटते. तिथे कोण जातो आणि येऊन काय सांगतो, याला महत्त्व आहे.

2023 च्या सुरुवातीला केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की अशा अंतराळ पर्यटनासाठी इस्रोने व्यवहार्यता अभ्यास केले आहेत. तिकीट सहा कोटींच्या घरात असेल, अशा बातम्याही तेव्हा आल्या. इस्रोचे असे यान जेव्हा केव्हा उडेल तेव्हा पैसेवाले जातीलच, जावोत. पण सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या यानात प्रत्येक फेरीला एक जागा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्यासाठी राखून ठेवावी, ही माझी मागणी आहे. सालेकसा-देवरीच्या शाळेतल्या बाईंनी परत येऊन फळ्यावर ती निळी पट्टी काढावी, आणि मागच्या बाकावरच्या मुलीला पडताना भीती वाटली की नाही, ते स्वतःच्या अनुभवावरून सांगावे.