जुन्या बुलेटचे इंजिन उघडताना

वर्षानुवर्षे पडवीत उभी असलेली जुनी बुलेट पुन्हा चालू करण्याचा विचार निघाला की, गॅरेजवाला इंजिन न उघडताच ठोक आकडा सांगतो आणि मालक तो मान्य करतो. पेढीवर माल न पाहता ज्याने कधी सौदा केला नाही, तोच गृहस्थ येथे तो करतो, हे नवलच. आधी केवळ उघडून तपासण्याची मजुरी ठरवावी. दुरुस्तीचा भाव नंतर.

350 बुलेटचे जुने इंजिन समजण्यास सोपे आहे : 346 घन सेंटिमीटर, 70 मिलिमीटर बोअर, ओतीव लोखंडाचा सिलिंडर. जाम झालेल्या इंजिनास किक मारू नये. प्लगच्या छिद्रातून डिझेल सोडून काही दिवस थांबावे. ऑईल पसरट भांड्यात काढून त्यात लोहचुंबक फिरवावा. चिकटणारा कीस गिअर वा बेअरिंगचा. न चिकटणारा पिवळसर कीस बहुधा बुशांचा.

खरी परीक्षा सिलिंडरची. डोळ्यांना तो गुळगुळीत दिसतो, आणि येथेच फसगत होते. रिंगा जेथवर चढतात तेथे झीज सर्वाधिक असते; तिच्या वर न झिजलेली कड नखाला लागते. शिवाय झीज सर्व बाजूंनी सारखी नसते, बोअर लंबगोल होतो. म्हणून वर, मध्ये व खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावे. पिस्टनच्या माथ्यावरील काजळी पुसली की बहुधा ओव्हरसाईझचा आकडा दिसतो. पूर्वी किती वेळा बोअर मारला, याचा तो पुरावा. आता वाव उरला नसेल, तर नवी स्लीव्ह बसवावी लागते. कनेक्टिंग रॉड आडवा किंचित सरकला तर चिंता नसावी; वर-खाली ठोका जाणवला, तर मात्र क्रँक खोलणे अटळ.

क्रँककेसला तडा असला तरी ती सहजी बदलू देऊ नये. इंजिन क्रमांक तिच्यावरच कोरलेला असतो आणि नोंदणी पुस्तकाशी तो जुळावा लागतो. 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 2021 मध्ये आलेल्या ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या नियमांतही मूळ स्वरूपाला महत्त्व आहे. कुशल वेल्डर बहुतेक तडे सांधू शकतो.

मापे, बदलावयाचे भाग आणि प्रत्येकाची किंमत कागदावर घ्यावी. काढलेले जुने भाग परत मागावेत, रॉकर आणि पुशरॉडसुद्धा.