पुढारी गेल्यावर पक्ष कोठें जातो?

पक्ष म्हणजे समान तत्त्वें मानणाऱ्यांचा समूह, अशी व्याख्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतून आपण वाचतों. ती कितपत खरी, याची परीक्षा दीर्घकाळ सत्ता गाजविलेला पुढारी सत्ताभ्रष्ट होतो तेव्हां होते. या दृष्टीनें आपल्या खानदेशांतील जळगांव शहराचा अलीकडील इतिहास मननीय आहे.

श्री. सुरेशदादा जैन हे १९८० पासून २०१४ पर्यंत विधानसभेंत जळगांवचे प्रतिनिधि होते. या काळांत ते कधीं काँग्रेसचे, कधीं शिवसेनेचे, तर कधीं राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले. मतदारसंघ मात्र त्यांच्या हातून सुटला नाहीं. शहराचें मत पक्षापेक्षां व्यक्तीस होतें, हें यावरून उघड होतें. पुढें घरकुल प्रकरणीं मार्च २०१२ मध्यें त्यांस अटक झाली. २०१४ सालीं भारतीय जनता पक्षाचे श्री. सुरेश भोळे यांनीं त्यांचा पराभव केला. आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं धुळ्याच्या विशेष न्यायालयानें त्यांस ७ वर्षांची शिक्षा फर्माविली. नंतर उच्च न्यायालयांतून त्यांस जामीन मिळाला. त्या प्रकरणाचे गुणदोष ठरविणें हें न्यायासनाचें काम होय. आपला प्रश्न निराळा आहे: वटवृक्ष उन्मळला म्हणजे त्याच्या आश्रयाचीं पांखरें कोठें जातात?

ऑगस्ट २०१८ च्या महापालिका निवडणुकींत ७५ पैकीं ५७ जागा भारतीय जनता पक्षास, १५ शिवसेनेस व ३ एम.आय.एम.ला मिळाल्या. नवें युग आलें, असें तेव्हां अनेकांस वाटलें. परंतु मार्च २०२१ मध्यें महापौर निवडतांना विजयी पक्षाचेच २७ सदस्य फुटले आणि शिवसेनेच्या श्रीमती जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनीं महापौर झाल्या. मतदारानें आपलें मत फिरविलें नव्हतें. त्याला कोणीं विचारलेंहि नव्हतें. पुढें जून २०२२ मध्यें खुद्द शिवसेनाच दुभंगली.

यावर कोणी म्हणतील कीं, रस्ते व पाणी यांकरितां पैसा राज्य सरकारकडून यावयाचा, तेव्हां सरकार ज्यांचें त्यांच्याशीं जुळवून घेणें हाच व्यवहार. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु मग मतें मागतांनाच तसें स्पष्ट सांगावयास हवें. पक्षादेश मोडणाऱ्या नगरसेवकास अपात्र ठरविण्याचा कायदा महाराष्ट्रांत १९८६ चा आहे. तथापि निकालापूर्वींच सभागृहाची मुदत संपली तर त्याचा धाक काय उरणार?

खरा उपाय मतदारापाशींच आहे. आमच्या शाळेंतील विद्यार्थीबंधुभगिनींस वयाच्या १८ व्या वर्षीं मताधिकार मिळेल. दाराशीं येणाऱ्या उमेदवारास त्यांनीं अवश्य विचारावें कीं, आपला पुढारी उद्यां पडला तर आपण कोणत्या कार्यासाठीं याच पक्षांत राहाल? ज्याला याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याला मत देण्यापूर्वीं दोनदां विचार करावा, हें बरें.