पुराला आराखडा, गुन्ह्याला मोकळे रान!

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेले की कोल्हापुरात इशारा दिला जातो. ४३ फुटांवर धोका जाहीर होतो. चिखली-आंबेवाडीची माणसे आणि जनावरे हलविण्याची धावपळ सुरू होते. कोणत्या गावाचा निवारा कोठे, बोट कोणाकडे, रस्ता कधी बंद करायचा, या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवणे आणि दरवर्षी तपासणे हे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्रशासनावर बंधनकारक केले आहे. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर चढले, आराखडा तोकडा पडला, तेव्हा जनतेने सत्ताधाऱ्यांना धारेवर धरले. धरता आले, कारण जाब विचारण्यासाठी हातात काही लेखी होते. परंतु माणसाने माणसावर उगारलेल्या हाताचे काय? दंगल, अमली पदार्थ, मटका, टोळ्यांची दहशत, स्त्रियांवरील अत्याचार यांची इशारापातळी कोणती, ती ओलांडली गेल्याचे कोणी सांगायचे, आणि सांगितल्यावर कोणी काय करायचे, याचा लोकांना विचारून तयार केलेला आणि लोकांपुढे मांडलेला आराखडा बारा तालुक्यांच्या, अडतीस लाखांहून अधिक लोकवस्तीच्या या जिल्ह्यात कोणत्या नागरिकाने पाहिला आहे? आम्ही तरी पाहिलेला नाही.

या अनास्थेचे मोल कोल्हापूरने चुकते केले आहे. जून २०२३ मध्ये मोबाइलवरील स्टेटसवरून शहर धुमसू लागले, बंदची हाक आदल्या दिवशीच उघडपणे दिली गेली, आणि ७ जूनला रस्त्यावर उतरलेल्या जमावातून दगड भिरकावले गेले, लाठ्या चालल्या, इंटरनेट बंद करावे लागले. त्यानंतर तेरा महिन्यांनी, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्धच्या मोहिमेची तारीख आधीच गाजवून सांगितली गेली असताना, गडाच्या वाटेवरील गजापुरात मुसलमान कुटुंबांची घरे आणि मशीद जमावाने फोडली. दोन्ही वेळा दिवस ठाऊक होता, ठिकाण ठाऊक होते, आणि वातावरण किती तापले आहे हे चौकातल्या पानपट्टीवाल्यालाही कळत होते. तरीही घरे फुटली. बंदोबस्त होता, प्रतिबंध नव्हता.

आणि हे केवळ दंगलींपुरतेच आहे काय? १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरायला गेलेल्या कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर सागरमाळ परिसरात गोळ्या झाडल्या गेल्या, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते, म्हणजे इशारा रक्ताने लिहून मिळाला होता, तरी कोल्हापूरचा हा निर्भीड विचारवंत आम्ही वाचवू शकलो नाही, आणि दहा वर्षे उलटली तेव्हाही त्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. २०१९ मध्ये यादवनगरात मटक्याच्या अड्ड्यावर छापा घालण्यासाठी गेलेल्या पोलिसांवरच हल्ला झाला. २०२१ मध्ये चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीत मेफेड्रोन बनविण्याचा अड्डा सापडला. तो हुडकण्यासाठी पथक यावे लागले थेट मुंबईहून! ज्या जिल्ह्याला आपल्याच कुशीत काय शिजते आहे हे परक्या पथकाकडून कळते, त्या जिल्ह्याची सुरक्षा दैवाच्या हवाली आहे.

साधन नाही म्हणून हे घडते, असेही म्हणता येत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्याला नियोजन समिती दिली. महाराष्ट्राने १९९८ मध्ये तिचा कायदा केला. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींमधून यावेत, असे राज्यघटना सांगते. त्याच १९९८ साली इंग्लंडने कायदा करून पोलीस आणि स्थानिक पालिका यांच्यावर संयुक्तपणे गुन्हे-प्रतिबंधाचे धोरण आखण्याची सक्ती केली. तिकडे सक्ती झाली. इकडे काय झाले? कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुका वर्षानुवर्षे लांबविल्या गेल्या, आणि ज्या सभागृहांतून नियोजन समितीत लोकांचा आवाज पोहोचायचा ती सभागृहेच ओस पडली. २०२३ ची दंगल आणि २०२४ चे गजापूर याच पोकळीत घडले. गल्लीचा शब्द प्रशासनापर्यंत नेणारा आणि प्रशासनाचा शब्द गल्लीत पटवून देणारा लोकनियुक्त माणूस त्या दिवसांत महापालिकेत किंवा जिल्हा परिषदेत पदावर नव्हता. ही पोकळी निसर्गाने निर्माण केलेली नाही. ती सत्तेने निर्माण केली.

यापेक्षाही संताप येतो तो ढोंगाचा. सण जवळ आला की शांतता समितीची बैठक भरते, नेहमीचेच प्रतिष्ठित तेथे नेहमीचीच भाषणे करतात, छायाचित्रे छापून येतात आणि विसर्जनाबरोबर समितीचेही विसर्जन होते. चौकाचौकांत कॅमेरे बसविले की शहर सुरक्षित झाल्याची द्वाही फिरविली जाते. आणि प्रत्येक व्यासपीठावरून राजर्षी शाहूंचा जयघोष होतो. कोणते शाहू? ब्रिटिश सत्तेने १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास आरंभ केला, त्या शिक्क्याचा जाच आपल्या राज्यात नको म्हणून १९१८ मध्ये त्यांच्या सक्तीच्या हजेरीची पद्धत बंद करणारे, फासेपारध्यांना काम आणि निवारा देऊन माणसात आणणारे शाहू! स्वतंत्र भारताला तो कायदा रद्द करायला १९५२ उजाडले. गुन्हा रोखायचा तर त्याच्या मुळाशी जावे लागते, उपेक्षितांना भाकरी आणि प्रतिष्ठा द्यावी लागते, हे ज्या संस्थानाने शंभर वर्षांपूर्वी कृतीने दाखविले, त्याच कोल्हापुरात आज प्रतिबंध म्हणजे लाठी आणि उपाय म्हणजे मोक्का, एवढेच उरावे? ही शाहूंच्या नावाची विटंबना आहे.

लोक तयार नाहीत, ही सबब तर कोणी पुढे करूच नये. विधवांवर लादलेल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने केला आणि राज्य शासनाला त्याचा कित्ता गिरवावा लागला. प्रा. एन. डी. पाटील आणि पानसरे यांच्या मागे उभे राहून याच शहराने टोल हद्दपार केला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी दशकानुदशके झगडून ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच खेचून आणले. महापुरात पोहणारी, बोटी वल्हविणारी पोरे तालमींतली आणि मंडळांतलीच होती. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावेच्या गावे पारावर बसून वाद मिटवीत होती. ती मोहीम लोकांनी सोडली नाही, शासनाने वाऱ्यावर सोडली.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जिल्हा नियोजन समितीने सामाजिक सुरक्षेचा आराखडा दरवर्षी तयार करावा. त्यासाठी प्रत्येक ग्रामसभेत आणि प्रभागात सुनावणी घ्यावी. पोलीस पाटील, शिक्षक, आशा सेविका, बचत गटांतील स्त्रिया, तालमींचे कार्यकर्ते आणि अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी यांना त्यात बोलण्याचाच नव्हे, ठरविण्याचा अधिकार द्यावा. अफवा पसरली तर पहिल्या तासात खुलासा कोणी करायचा, संकटातील स्त्रीने दाद मागितली तर कोणी धावायचे, शाळा सुटलेल्या आणि काम नसलेल्या मुलाला टोळीच्या आधी कोणी गाठायचे, हे पदनामासह लिहावे. जिल्हा वार्षिक योजनेत त्यासाठी स्वतंत्र निधी ठेवावा. आणि दर सहा महिन्यांनी हिशेब जनतेपुढे मांडावा.

वाचकहो, हे कोणी दान म्हणून देणार नाही. येत्या ग्रामसभेत उभे राहा, ठराव मांडा, तो इतिवृत्तात नोंदविला जाईपर्यंत जागचे हलू नका. शहरात असाल तर मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्यावरच विचारा, आमच्या सुरक्षेचा आराखडा कोठे आहे? ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला मत नाही.