तळटिपेत पुरलेलं कलम

‘कायद्याचं अज्ञान ही सबब होऊ शकत नाही.’ हे वाक्य आपल्याला कायम वरून खाली ऐकवलं जातं. माझं म्हणणं एवढंच, की ते खालून वरही ऐकवायला हवं.

मुळात कायदा राहतो कुठे? जाडजूड पुस्तकात, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. भारतात सगळ्यात वर संविधान. त्याखाली संसदेनं आणि विधिमंडळांनी केलेले कायदे. त्या कायद्यांच्या आधारानं सरकारनं काढलेले नियम आणि अधिसूचना. काही बाबतींत रूढीसुद्धा. आणि या सगळ्याचा अर्थ लावणारे न्यायालयांचे निकाल. संविधानाचं कलम १३ म्हणतं, मूलभूत हक्क हिरावणारा कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल. कलम १४१ म्हणतं, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांना बंधनकारक. थोडक्यात, पुस्तकात छापलेलं कलम निकालानं मरू शकतं.

पण मेलेलं कलम पोलीस ठाण्यात जिवंत राहतं, त्याचं काय?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ आठवा. ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, ते मात्र धड कुठंच सांगितलेलं नव्हतं. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीनं मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीनं ते लाइक केलं होतं. त्या प्रकरणात हे कलमही लागलं. त्यानंतर एका तरुणीनं सर्वोच्च न्यायालय गाठलं. २४ मार्च २०१५ला, श्रेया सिंघल खटल्यात, न्यायालयानं ६६अ संपूर्ण रद्द केलं.

विषय संपायला हवा होता. संपला नाही. गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०१९मध्ये न्यायालयानं निकालाच्या प्रती राज्यांच्या मुख्य सचिवांपर्यंत आणि पोलीस महासंचालकांपर्यंत पोचवायला सांगितलं. २०२१मध्ये तेच न्यायालय हे अजून चालू आहे म्हणून हादरलं. २०२२मध्ये पुन्हा बजावावं लागलं, की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. सरकारी बाजूचं स्पष्टीकरण काय होतं? पुस्तकात कलम तसंच छापलेलं आहे, रद्द झाल्याचं फक्त तळटिपेत आहे! संसदेनं ते कायद्यातून वगळलं, तेही थेट २०२३च्या जनविश्वास कायद्यानं.

‘हवालदारानं निकाल वाचत बसायचे का?’ असं कुणी विचारेल. नाही, त्यानं नको. पण त्याच्या वरिष्ठांनी, गृहखात्यानं, विधी विभागानं वाचायला हवेत. त्याचाच पगार घेतात ते. एका पानाचं परिपत्रक पुरलं असतं. गुन्हा नोंदवायच्या संगणकातून एक आकडा काढून टाकणं पुरलं असतं. अज्ञानाची किंमत ज्यानं मोजली तो नागरिक होता: जामीन, वकील, तारखा. ज्यांनी तळटीप वाचली नाही, त्यांचं काय वाकडं झालं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. रद्द झालेल्या कलमाखाली गुन्हा नोंदवला, तर नोंदवणाऱ्याला जाब द्यावा लागला पाहिजे आणि भरपाई सरकारनं दिली पाहिजे. तोवर कुणी कलमाचा आकडा तुमच्या तोंडावर फेकला, तर तो आकडा आज कायद्यात आहे का, हे आधी विचारा. फोन तुमच्या हातात आहेच.