फोटोसाठीचे संग्रहालय आणि आपली घरे

नागपूरचा अजब बंगला विदर्भातल्या कोणत्या घराने पाहिला नसेल? १८६३ साली सुरू झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय. भंडारा, पवनी, तुमसर, साकोलीकडून नागपूरला दवाखान्याच्या कामाने गेलेली माणसेसुद्धा उरलेल्या दोन तासांत लेकरांना अजब बंगल्यात फिरवून आणत. तिथला नियम सरळ होता. काचेला हात लावायचा नाही, मोठ्याने बोलायचे नाही, पाहायचे आणि पुढे सरकायचे.

आता जगात एक नव्या प्रकारचे संग्रहालय निघाले आहे आणि त्याचे नियम बरोबर उलटे आहेत. हात लावा, आत शिरा, झोपा, लोंबकळा आणि फोटो काढा. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये 'आइस्क्रीम म्युझियम' निघाले. तिथे आइस्क्रीमपेक्षा त्याच्या देखाव्यात उभे राहून काढलेल्या फोटोंचे महत्त्व जास्त. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेल येथे चक्क सेल्फीचेच संग्रहालय उघडले. 'सेल्फी' हा शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून निवडला तो २०१३ साली, म्हणजे शब्दाला मान मिळाल्यावर पाच वर्षांत त्याचे संग्रहालय झाले! आपल्याकडे चेन्नईत भिंतीवरच्या चित्रांत शिरून फोटो काढण्याचे संग्रहालय आहे, आणि मुंबईत फोर्ट भागात 'पॅराडॉक्स म्युझियम' आहे. याचे पहिले घर २०२२ मध्ये नॉर्वेच्या ओस्लो शहरात उघडले आणि तिथून ते शहराशहरांत पसरले.

मुंब्र्याला एका निकाहसाठी जाणे झाले तेव्हा मुलांनी आधीच ठरवून ठेवले होते. विदर्भ एक्स्प्रेसने भंडारा रोडहून निघालो तेव्हापासून मोबाइलवर त्याचीच चित्रे पाहणे चालू होते. दुसऱ्या दिवशी सीएसएमटीपासून पायीच गेलो. आमच्याबरोबर आमची मुले, भाचा-भाची आणि सत्तरी ओलांडलेल्या फुफी. फुफींना हॉटेलात एकटे ठेवणे बरे दिसले नसते, म्हणून त्यांचेही तिकीट काढले. तिकीट माणशी काही शे रुपये, मोठ्या कुटुंबाला जड जाईल असे.

आत पन्नासच्या वर गमती आहेत. एका खोलीत सामानसुमान सारे वर, छताला चिकटवलेले. तिथे उभे राहून फोटो काढायचा आणि मोबाइल उलटा धरायचा, की माणूस छतावर चालताना दिसतो. एका बोगद्यात मधला पूल अगदी स्थिर आहे, पण भोवतालचा गोल पिंप फिरत राहतो. चार पावले टाकली की तोल जातो आणि कठडा घट्ट धरावा लागतो. पाय सांगतात की जमीन स्थिर आहे आणि डोळे सांगतात की ती फिरते. मेंदू डोळ्यांचे ऐकतो.

आम्हाला सर्वांत आवडली ती तिरकी खोली. एका कोपऱ्यात भाचा उभा राहिला तर छताला डोके टेकेल एवढा राक्षस, दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर बाहुली. अमेरिकेतील ॲडलबर्ट एम्स यांच्या नावाने ही खोली ओळखली जाते. युक्ती अशी की खोली चौकोनी नसतेच. एक कोपरा आपल्यापासून खूप लांब आणि खोल असतो, पण जमीन, भिंती, खिडक्या अशा बेताने तिरप्या केलेल्या असतात की एका ठरावीक जागेवरून एका डोळ्याने पाहिले तर ती साधी चौकोनी खोली वाटते. ती जागा सोडून दोन पावले बाजूला सरका, सगळे उघडे पडते. आणि कॅमेऱ्याला तर डोळा एकच! म्हणून असल्या ठिकाणी प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा फोटोच जास्त खरा वाटतो.

मुलांना हे समजावून देताना आम्हाला इब्न अल्-हैसम यांची आठवण येणे साहजिक होते. दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मलेले हे विद्वान पुढे काहिरात राहिले आणि तिथे त्यांनी 'किताब अल्-मनाज़िर' हा प्रकाश आणि दृष्टी यांवरचा सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्याआधी मोठमोठे ग्रीक पंडित असे मानत की डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, म्हणून दिसते. इब्न अल्-हैसम यांनी प्रयोगांनिशी मांडले की प्रकाश वस्तूवरून डोळ्यांत येतो. अंधाऱ्या खोलीच्या बारीक छिद्रातून बाहेरच्या दिव्यांचा प्रकाश भिंतीवर कसा पडतो, हेही त्यांनी तपासून लिहिले. आणि या ग्रंथाचा एक अख्खा भाग डोळ्यांना होणाऱ्या चुकांवर आहे. वस्तू लहान-मोठी का भासते, आपण पाहतो तेव्हा मन नकळत अंदाज कसा बांधते, याची त्यात चर्चा आहे. फोर्टमधल्या त्या सगळ्या खोल्या त्या भागाचीच उदाहरणे म्हणून दाखवता येतील. युनेस्कोने २०१५ हे प्रकाशवर्ष साजरे केले तेव्हा त्यांचे नाव जगभर पुन्हा घेतले गेले, पण आपल्या घरांत ते अजून किती मुलांना ठाऊक आहे? (व्हॉट्सॲपवर फिरते की 'कॅमेरा' हा शब्दच अरबी 'क़मरा'वरून आला. तसे नाही. तो लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ खोली. इब्न अल्-हैसम यांचा मोठेपणा सांगायला खोट्या व्युत्पत्तीची गरज नाही.)

मात्र आमच्या भोवती जे चालले होते ते वेगळेच. गमतीजवळ लावलेली माहिती वाचताना आम्हाला फार थोडे लोक दिसले. रांगेत उभे राहायचे, खुणेवर जायचे, हात पसरायचे, फोटो, की पुढची खोली. नकाब घातलेली एक आई सबंध वेळ कुटुंबाचे फोटो काढत होती. स्वतः एकाही चौकटीत आली नाही, पण कोणी कुठे उभे राहायचे ते तिला सर्वांत चांगले कळत होते. फुफी एका बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "बेटा, पैसे देके अपनाच फोटो देखना? वो तो घर में बी निकलता." त्यांनी स्वतः आयुष्यातला पहिला फोटो काढला तो हजच्या अर्जासाठी, स्टुडिओत, श्वास रोखून.

तसवीर जायज की नाजायज, हा वाद आपल्या समाजात जुना आहे. इजिप्तचे लष्करी इंजिनिअर मुहम्मद सादिक बे यांनी १८६१ मध्ये मदीनेचे आणि पुढे १८८० च्या सुमारास मक्केचे फोटो काढले, ते या शहरांचे पहिले फोटो मानले जातात. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत यांनी पुढे असे मत दिले की फोटो म्हणजे सावली धरून ठेवणे, आरशासारखेच. हाताने घडवलेल्या मूर्तीचा नियम त्याला लागत नाही. आपल्या उपखंडातील अनेक उलेमांनी हे मान्य केले नाही, आजही करत नाहीत, आणि ज्यांना परहेज करायचा त्यांचा आदर राखलाच पाहिजे. पण पासपोर्ट, आधार, परीक्षेचा अर्ज आणि शेवटी मोबाइल यांनी बहुतेक घरांत हा वाद न सोडवताच मागे टाकला. आता फोटो काढायचा की नाही हे कोणी विचारत नाही. आम्हाला वाटते, विचारायच्या गोष्टी दोन उरल्या आहेत: कशासाठी, आणि कोणाच्या परवानगीने.

परतीच्या गाडीत ही दुसरी गोष्ट समोर आली. वर्धा यायच्या आधीच भाच्याने सगळे फोटो इन्स्टाग्रामवर टाकून दिले होते. त्यात त्याचे स्वतःचे होते, आमच्या मुलीचे होते आणि भाचीचे, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचे, उलट्या खोलीतले, दुपट्टा सरकलेले, पोट धरून हसतानाचे. भाचीने पाहिले आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, "भाई, मेरेकू पूछा था क्या?" भाचा म्हणाला, छान तर आलाय, आणि पाहणारे सगळे आपलेच आहेत. त्याच्या खात्यावर चारशे-साडेचारशे जण आहेत. त्यांतले 'आपले' किती, हे त्याला डब्यात बसून मोजून दाखवता येईना. फोटो त्याने काढला, पण तोंड पाडूनच.

वाचकांपैकी काहींना हे किरकोळ वाटेल. २०२१ च्या जुलैत आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ रोजी काय झाले ते आठवून पाहावे. मुस्लिम पत्रकार, वकील, कार्यकर्त्या स्त्रियांचे फोटो त्यांच्याच खात्यांवरून उचलून कोणी तरी त्यांचा 'लिलाव' मांडणारे ॲप तयार केले होते. एका बेपत्ता विद्यार्थ्याची वयस्कर आईही त्या यादीत होती. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने विशीतली शिकणारी पोरे पकडली. आणि त्यानंतर आपल्या कितीतरी घरांत काय झाले? मुलींना सांगितले गेले, सगळे फोटो काढून टाक, खाते बंद कर. गुन्हा केला एकाने आणि दार बंद झाले दुसऱ्यावर. मुलग्यांना मात्र कोणी बसवून सांगितले नाही की बहिणीचा, मेहुणीचा, वर्गातल्या मुलीचा फोटो हा तुझा नाही. आम्ही वर्गात पाहतो, नववी-दहावीच्या मुली फोटोच्या वेळी मागच्या ओळीत सरकतात. शिक्षकांना वाटते लाजतात. त्यांना विचारले तर कळते की बऱ्याच जणींना फोटो हवा असतो, तो कुठे जाईल याची भीती असते.

सूरह अन्-नूरमध्ये हुकूम आहे की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका, आणि परत जा म्हटले तर परत जा. लहानपणी मदरशात आम्हाला हे दार आणि उंबऱ्याच्या संदर्भात शिकवले गेले. आज चेहरा हाही उंबरा आहे असे आम्हाला वाटते. हा आमचा फतवा नव्हे, आमची समज आहे. उलेमांनी यावर जुम्याच्या बयानात बोलावे, अशी विनंती मात्र जरूर आहे.

'कशासाठी' या प्रश्नाचे सर्वांत कडू उदाहरण रमजानमध्ये दिसते. आमच्या भागात एका मंडळाने गरजू घरांना रेशन किट वाटले. काम चांगले, अल्लाह कबूल करो. पण प्रत्येक किटबरोबर फोटो. एका बाजूला पाच-सहा देणारे, सगळे कॅमेऱ्याकडे पाहणारे, आणि मध्ये घेणारी एक बाई, खाली पाहणारी. ते फोटो गावाच्या ग्रुपवर आले. तिथून पोरांच्या ग्रुपवर गेले. त्या बाईचा मुलगा सातवीत आहे. ईदनंतर शाळा उघडली तेव्हा चार दिवस तो आलाच नाही, आणि आला तेव्हा मधल्या सुट्टीत वर्गातून हलेना. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सांगितले आहे. मंडळवाले म्हणतात, देणगीदारांना हिशेब दाखवावा लागतो. हिशेब पावतीने दाखवता येतो, पिशव्यांच्या ढिगाच्या फोटोनेही दाखवता येतो. त्या बाईच्या चेहऱ्याची गरज हिशेबाला नाही.

सरकारलाही कधी कधी या फोटोचा मोह आवरत नाही. शिक्षक वाचकांना आठवत असेल, २०१६ च्या अखेरीस आपल्या शिक्षण विभागाने आदेश काढला होता की शिक्षकांनी सोमवारी दहा-दहा मुलांबरोबर सेल्फी काढून ती 'सरल'वर चढवावी, म्हणजे गैरहजर मुले कळतील. संघटनांनी विरोध केला आणि २०१७ च्या जानेवारीत तो थांबवला गेला. शाळेत न येणारे पोर धान कापणीला गेले आहे की वीटभट्टीवर, हे सेल्फीत कसे दिसणार होते, कोण जाणे. जे आलेच नाही ते फोटोत नसते!

पवित्र जागाही यातून सुटल्या नाहीत. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सौदी सरकारने मक्का आणि मदीनेच्या दोन्ही मशिदींत फोटो आणि चित्रीकरणाला मनाई जाहीर केली. तरी उमराहून येणाऱ्यांचे फोटो आपल्या सर्वांच्या मोबाइलवर येतच असतात. आपल्याजवळचे सांगायचे तर, २०१७ च्या जुलैत नागपूरजवळ वेणा जलाशयात फेसबुकवर थेट चित्रण चालू असताना तरुणांची नाव उलटली आणि अनेक घरांतली तरणी मुले गेली. गोसेखुर्दला, रावणवाडीला सहली नेताना आम्ही शिक्षक आता पाण्यापेक्षा मोबाइलवरच जास्त लक्ष ठेवतो.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मुंबईहून आल्यावर भाचीनेच एक संदेश टाकला: फोटो ज्याचा, मर्जी त्याची. पुरुष मंडळींनी दोन दिवस काही उत्तर दिले नाही. फुफींना व्हॉट्सॲप वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "लड़की सही बोल री." त्यावर मग सगळ्यांचे अंगठे आले.

आता ज्यांना तिकीट काढून मुंबईला जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी. बुटांचा रिकामा खोका घ्या. एका अरुंद बाजूला मधोमध सुईने बारीक छिद्र पाडा. समोरची बाजू चौकोनी कापून तिथे बटर पेपर किंवा खाण्याचे तेल लावून पुसलेला पांढरा कागद ताणून चिकटवा. बाकीच्या फटी काळ्या कागदाने बुजवा. भर उन्हात अंगणात जा, छिद्राची बाजू कडुनिंबाकडे किंवा मशिदीच्या मिनाराकडे करा आणि खोक्याची कागदाची बाजू व आपले डोके दोन्ही जाड चादरीखाली घ्या. डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर थांबावे लागते. मग कागदावर झाड दिसते, उलटे, रंगीत आणि वारा आला की हलणारे. आमच्या आठवीच्या वर्गाने असे अकरा खोके केले. मुलांनी पहिला प्रश्न हाच विचारला की हे सेव्ह कसे करायचे. ते होत नाही, असे आम्ही सांगितले, आणि पुढच्या मुलाचा नंबर लावला.